शाळेची सहल समुद्रावर जाते, पण समुद्र बघायचा राहूनच जातो. असं का होतं?

सातवीत असताना आमच्या शाळेची सहल समुद्रावर गेली होती. सूचनेत लिहिलं होतं, 'सागरी जीवांचा अभ्यास'. बस सकाळी साडेअकराला किनाऱ्यावर पोहोचली, तेव्हा पाणी थेट बांधाच्या भिंतीवर आपटत होतं. मग सरांनी सगळ्यांना लांबून समुद्र दाखवला, शिट्टी वाजवली, आम्ही भेळ खाल्ली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी वहीत दहा ओळींचा निबंध. त्यात एकाही सागरी जीवाचं नाव नव्हतं, कारण एकही दिसला नव्हता.

यात सरांची चूक होती का? तशी होती, पण अगदीच छोटी. त्यांनी सहलीची तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रविवार-सोमवार पाहिला, तिथी पाहिली नाही.

समुद्रकिनाऱ्यावरच्या अभ्याससहलीचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. किनाऱ्यावरचे जीव दिसतात ते ओहोटीला. भरतीला तुम्ही जगातल्या सगळ्यात श्रीमंत खडकावर जाऊन उभे राहिलात, तरी तुम्हाला फक्त पाणी दिसणार. आणि हा प्रश्न फक्त अभ्यासाचा नाही, जिवाचाही आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या. अशी प्रत्येक घटना घडली की पुढची काही वर्षं शाळा समुद्राचं नावच काढत नाहीत. म्हणजे मुलं एकतर चुकीच्या वेळी पाण्याजवळ जातात, नाहीतर जातच नाहीत.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक दाखवणारी ॲप आहेत. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था तिच्या वेबसाइटवर भरती-ओहोटीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. सहलीसाठी शेवटचा शब्द याच आकड्यांचा धरायचा.

पण कोकणात ॲपच्या कितीतरी आधीपासून एक हिशोब चालत आलाय. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आज चतुर्थी आहे? चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तर दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात साधारण सहा तास मिळवा किंवा वजा करा, म्हणजे ओहोटी सकाळी आणि रात्री नऊला. अष्टमी असेल तर भरती सहाला, ओहोटी बाराला.

हे का जमतं? कारण तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचं माप आहे. हा कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी पूर्ण होते. ३० तिथींमध्ये ३६० अंश होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण २४ तास पुढे सरकते. २४ तासांना ३० ने भागलं की प्रत्येक तिथीला ४८ मिनिटं येतात. आपल्या लोकांनी तोंडी हिशोबासाठी त्याचा पाऊण तास केला. बस्स. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला या हिशोबाने भरती सव्वाअकराला येते, प्रत्यक्षात मुंबईत ती बाराच्या आसपास असते. हा हिशोब मुंबईच्या जवळपास बरा लागतो. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे जाल तशी भरती लवकर येते, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते.

आता माझ्या सातवीच्या सहलीचा हिशोब लावून बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा दिवस असणार. साडेअकराला पाणी भिंतीला लागलेलं असणारच.

मग पाणी सगळ्यात जास्त आत जातं तो दिवस कोणता?

इथे गंमत आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र काम करते आणि पाणी जास्तीत जास्त चढतं, तसंच जास्तीत जास्त उतरतंही. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ही ओढ एकमेकांना काटकोनात असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तो भांग. मालवणी भागात ओहोटीलाच सुकती म्हणतात, तो शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात किनारा सुकतो हे दिसतं.

म्हणजे अभ्यासाला उधाणाची ओहोटी हवी. पण मुंबईच्या बाजूला उधाणाची ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी त्याच वेळेला येते. एवढ्या सकाळी चाळीस मुलं किनाऱ्यावर आणणं कुठल्याही शाळेला जमणार नाही, आणि संध्याकाळी ओहोटी संपता संपता अंधार पडतो. उलट अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, वेळ अगदी सोयीची, पण पाणी खडकावरून मागेच हटत नाही.

मधला मार्ग आहे तो तृतीया-चतुर्थीचा. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे पाणी अजून बऱ्यापैकी आत जातं आणि ओहोटी सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान मिळते. सोप्या भाषेत, संकष्टीची सकाळ. दुपारचा वर्ग असेल तर द्वादशी-त्रयोदशी बघा, ओहोटी तीन ते पावणेचारला. महिने नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर खडकांवर जायचा विषयच काढायचा नाही. पावसाळ्यात खडकांवर शेवाळ असतं, समुद्र खवळलेला असतो. मासेमारीचीसुद्धा पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो, गोव्यात तो दीड-दोन मीटरच्या आसपास राहतो. म्हणून ओहोटीच्या अभ्यासासाठी गजबजलेली, कचऱ्यासाठी बदनाम असलेली मुंबई ही प्रत्यक्षात चांगली जागा आहे.

खडकावर नेमकं काय दिसतं?

'मुंबईच्या समुद्रात काय असणार, प्लास्टिक?' हा प्रश्न हमखास येतो. प्लास्टिक आहेच. पण २०१७ मध्ये काही हौशी आणि अभ्यासू मंडळींनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला, लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरवायला सुरुवात केली आणि शहराच्या कडेला राहणाऱ्या शेकडो प्रजातींची नोंद झाली. त्यात ऑक्टोपस आहेत, रंगीत समुद्री गोगलगायी आहेत, प्रवाळही आहेत. कोस्टल रोडचं काम सुरू झालं तेव्हा हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती असल्याची चर्चा झाली होती आणि २०२० मध्ये त्या दुसरीकडे हलवण्यात आल्या, ते आठवत असेल.

खडकाळ किनारा हा उभ्या इमारतीसारखा वाचायचा असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे पाणी फक्त मोठ्या भरतीला पोहोचतं, तिथे चिवट भाडेकरू. बारीक शंख आणि खडकाला चिकटलेले, छोट्या ज्वालामुखीसारखे दिसणारे पांढरट बार्नकल. होड्यांच्या तळाला चिकटतात तेच हे. त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटेल की हे शिंपल्यांचे भाऊबंद. नाही. बार्नकल हा खेकडा आणि कोळंबीचा नातेवाईक आहे. लहानपणी तो पाण्यात पोहतो, मग एकदा जागा पसंत पडली की डोकं खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि उरलेलं आयुष्य पाय हलवून तोंडाकडे अन्न ओढत काढतो. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्यांवर घालवली, आणि ती उत्क्रांतीचं पुस्तक यायच्या आधीची. मुलांना हा प्राणी भिंगातून दाखवा, पाण्याचा एक थेंब टाका आणि थोडं थांबा. नशीब असेल तर दार उघडतं.

मधल्या मजल्यावर कालवं. एकमेकांवर रचलेली, कडा ब्लेडसारख्या. इथे पडलात तर गुडघा फाटणार हे नक्की. त्यांच्या आडोशाला खेकडे, रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले छोटे खेकडे आणि कालवांना भोक पाडून आतला जीव खाणारे शिकारी शंख. रिकामा शिंपला हातात आला आणि त्यावर सुईने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं, तर तो खुनाचा पुरावा आहे. हे सांगितलं की सगळ्यात मागे उभा राहून कंटाळलेला मुलगाही पुढे येतो.

खालचा मजला, म्हणजे फक्त मोठ्या ओहोटीला उघडा पडणारा, सगळ्यात श्रीमंत. समुद्रफुलं, स्पंज, झोअँथिडचे हिरवे-तपकिरी गालिचे, प्रवाळ. इथे पाय ठेवायला जागा नसेल तर पाय ठेवायचा नाही. झोअँथिडच्या काही जातींच्या अंगात विष असतं, त्यामुळे हातही लावायचा नाही.

ही मजल्यांची विभागणी का होते, हाच खरा धडा आहे. वर राहायचं तर तासन् तास ऊन आणि कोरडेपणा सहन करावा लागतो. ते ज्यांना जमतं ते वर जगतात. खाली ऊन नाही, पण गर्दी आहे, शिकारी आहेत, जागेसाठी मारामारी आहे. वरची सीमा बहुतेक वेळा ऊन ठरवतं, खालची सीमा शेजारी ठरवतात. पुस्तकातलं 'अनुकूलन' हे प्रकरण मुलांना दहा मीटर चालून कळतं.

आणि खडक नसेल, नुसती वाळू असेल तर?

वाळू रिकामी वाटते, ती नसते. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या दिसतात, कुणीतरी साबुदाणा सांडल्यासारख्या. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. ते वाळू तोंडात घेतात, कणांवरचं सेंद्रिय अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. पुढची भरती सगळं पुसते, पुढच्या ओहोटीला काम पुन्हा सुरू.

आणखी एक गोष्ट, जी लोक हमखास कचरा समजून लाथेने उडवतात. वाळूच्याच रंगाची, एका बाजूला उघडी असलेली, शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली पट्टी. रबराची वाटते. ती एका शंखातल्या गोगलगायीची अंडी आहेत. मादी वाळू आणि स्वतःचा चिकट स्राव मिसळून ही पट्टी बनवते आणि त्यात अंडी ठेवते. दिसली तर फोटो काढा आणि होती तशीच राहू द्या.

खाडीजवळ असाल तर कांदळवन. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, एक पंजा अंगापेक्षा जड वाटावा असे नर खेकडे, आणि मासा असूनही चिखलावर उड्या मारणारी निवटी, जी ओल्या त्वचेतूनही श्वास घेते. पांढरी चिप्पी ही कांदळवनातली जात २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली. लहान मुलांसाठी, माझ्या मते, खाडी ही खडकापेक्षा चांगली सुरुवात आहे. लाटा नाहीत, आणि बोटीतून किंवा लाकडी पुलावरून बघता येतं.

धोका नेमका कुठे असतो?

बहुतेकांना वाटतं, लाट अंगावर येईल हा धोका. खडकावरचा खरा धोका पाठीमागून येतो. भरती सुरू झाली की पाणी आधी खडकांमधल्या चरांमध्ये शिरतं. तुम्ही पुढच्या उंच खडकावर समुद्राकडे तोंड करून उभे असता, समोर सगळं कोरडं दिसत असतं आणि मागची वाट बुडालेली असते.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही हेही माहीत हवं. ढोबळ हिशोब बारा भागांचा. सहा तासांत पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढतं, 'अजून वेळ आहे' असं वाटतं, आणि तिसऱ्या तासात ते तब्बल एक मीटर चढतं. म्हणून नियम साधा. ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी पोहोचायचं, पाण्यासोबत खाली उतरायचं आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं. जेवण, पाढे, हजेरी, सगळं नंतर वर येऊन.

वाळूच्या किनाऱ्यावर वेगळी गोष्ट. लाटांनी आणलेलं पाणी काही ठिकाणी एका पट्ट्यातून जोरात परत आत जातं. तो पट्टा बाजूच्यापेक्षा शांत दिसतो, म्हणून मुलं नेमकी तिथेच उतरतात. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. पण अभ्याससहलीत गुडघ्याच्या वर पाणी असा प्रसंगच यायला नको. पोहणं हा त्या दिवसाचा कार्यक्रम नाही, हे बसमध्येच सांगून टाकावं.

जीवांचं म्हणाल, तर ते आपल्याला टाळतातच. तरी २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला आलेल्या अनेकांच्या पायाला पाकटांचे काटे लागले होते. पाकट वाळूत दबून बसतं. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं की ते आधीच निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे निळे फुगे, म्हणजे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, वाळूवर मेल्यासारखे पडले असले तरी त्यांचे धागे डंख मारतात. आणि शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख कितीही सुंदर असला तरी उचलायचा नाही. आत गोगलगाय जिवंत असेल तर ती विषारी दात भाल्यासारखा मारते.

शाळेने सोबत काय न्यावं?

यादी छोटीच आहे. चांगली पकड असलेले जुने बूट, चप्पल अजिबात नाही. टोपी, पाणी, भिंग, वही, प्रथमोपचाराची पेटी. दहा मुलांमागे एक मोठा माणूस. जागा आधी जाऊन बघितलेला शिक्षक. आणि किनाऱ्याजवळ स्वच्छतागृह कुठे आहे याची खात्री, कारण ते नसलं की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते. याबद्दल सहलीच्या सूचनेत कुणी लिहीत नाही.

एक मीटर बाय एक मीटरचा दोरीचा चौकोनही न्या. वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात तो टाकायचा आणि आत काय काय आहे ते मोजायचं. तीन चौकोनांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की वर सांगितलेली इमारत मुलांना स्वतःहून दिसते. फोटो 'आयनॅचरलिस्ट'वर टाकले तर जाणकार लोक ओळख पटवून देतात, आणि ती नोंद संशोधकांनाही वापरता येते.

दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, नाहीतर त्याच्या पोटाशी राहणारे जीव उन्हात मरतात. बादलीत प्राणी गोळा करायचे नाहीत. प्रवाळ, समुद्री काकडी आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. 'आठवण म्हणून' उचललेला प्रवाळाचा तुकडासुद्धा गुन्हा ठरू शकतो.

जायचं कुठे?

मुंबईत हाजी अली, वांद्रे, कार्टर रोडचे खडक आणि जुहूची वाळू. नवी मुंबईत ऐरोलीला वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि त्याचं मत्स्यालय. मार्चच्या सुमाराला गेलात तर त्याच जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना दिसू शकतात. सिंधुदुर्गात मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ साली जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. वेंगुर्ल्यात महिलांचा स्वामिनी बचत गट मांडवी खाडीत कांदळवन सफर चालवतो. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली.

आणि जिथे जाल तिथे खडपात कालवं काढणाऱ्या बायका दिसतील. मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. पूर्वी कालवं कुठपर्यंत मिळायची, आता कुठे मिळतात, पाणी कधी फिरतं, कुठल्या खडकावर पाय घसरतो, हे त्यांना पाठ असतं. फक्त त्यांना ओहोटी सुरू असताना अडवू नका. त्यांच्या कामाचे तास तेवढेच असतात.